ईयोबाची बायको कुठे होती

आढावांच्या घरात देवावरून भांडण झालं नाही असा एकही नाताळ गेला नव्हता, पण सांत्वनाच्या प्रार्थनेत भांडण होण्याची ही पहिलीच वेळ. तेही कोणाच्या सांत्वनाला? पंचवीस वर्षांच्या क्षिप्राच्या, जिची मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली होती. कोपरीतल्या आजोबांच्या हॉलमध्ये ती भिंतीला पाठ लावून बसली होती आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी प्रार्थनेला आल्यासारखी सगळ्यांकडे बघत होती. तिचा नवरा शौनक शेजारी होता. तिच्या हातात पाण्याचा ग्लास देत होता, तिने न पिता खाली ठेवला की पुन्हा देत होता.

विनिता लेकीच्या समोर बसली होती. नवरा वारल्यापासून कल्याणला तिने या मुलीला एकटीने वाढवलं होतं, तिचा ताप, तिची चिडचिड, तिचा अबोला, सगळं तिला ओळखता यायचं. हा अबोला मात्र तिला नवीन होता आणि त्याची तिला भीती वाटत होती.

"ज्याचं दुःख, त्याचं वाचन," हा विनिताच्या वडिलांचा, उत्तम आढाव गुरुजींचा नियम. घरात कोणी ख्रिस्तवासी झालं की कोणता अध्याय वाचायचा ते ज्याच्यावर दुःख कोसळलं त्याने सांगायचं, आणि वाचायचा गुरुजींनी. ऐंशी वर्षांचे गुरुजी अजून चष्म्याशिवाय अर्धा अध्याय म्हणून दाखवत. क्षिप्राने काहीच सांगितलं नव्हतं. म्हणून तिच्या सासूने वाचन सुचवलं आणि तिथेच माशी शिंकली.

सासू म्हणजे ग्रेसी घोन्साल्विस. माहेर-सासर दोन्ही वसईचं, कॅथलिक, ठाण्याच्या दवाखान्यात नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. बाई मनाने सरळ. सून दवाखान्यात होती तेव्हा तिच्या उशाशी रात्रंदिवस त्याच होत्या.

"ज्ञानग्रंथातला चौथा अध्याय वाचू या का, सर?" त्या म्हणाल्या. "लवकर गेलेल्यांबद्दल आहे. आयुष्याचं मोल वर्षांवर मोजायचं नसतं, देवाला जो प्रिय असतो त्याला तो वाईटाचा वारा लागायच्या आधीच उचलून घेतो, असं आहे त्यात. आमच्यात लहान वयाचं कोणी गेलं की वाचतात."

गुरुजींनी मांडीवरचं पवित्र शास्त्र मिटलं. "ज्ञानग्रंथ आमच्या शास्त्रात नाही, ग्रेसीबाई."

"माझ्यात आहे. मी घेऊन आलेय."

"तुमच्यात असणारच. मी वाचलेला आहे तो. उत्तम पुस्तक आहे. पण उत्तम पुस्तक वेगळं आणि देवाचं वचन वेगळं. यहुद्यांच्या मूळ इब्री शास्त्रात ते नव्हतं, म्हणून आमच्या प्रोटेस्टंट लोकांनी ते बाहेर ठेवलं."

"तुमच्या लोकांनी पाचशे वर्षांपूर्वी बाहेर ठेवलं, सर. त्याच्या आधी सगळेच वाचत होते. हजार-बाराशे वर्षं जे लोकांच्या मरणात उपयोगी पडलं ते एका दिवसात देवाचं राहिलं नाही?"

गुरुजी उत्तर द्यायला सरसावले तेवढ्यात दाराजवळच्या खुर्चीतून आवाज आला. "बाबा बरोबर बोलतायत."

सगळ्यांनी वळून बघितलं. बोलला होता कमलेश, गुरुजींचा थोरला, विनिताचा दादा. हा आठ वर्षांपूर्वी मानपाड्याच्या एका फेलोशिपमध्ये, नव्या पंथाच्या मंडळीत गेला, नदीत बुडी घेऊन पुन्हा बाप्तिस्मा करून आला आणि आता तिथलाच पास्टर होता. गुरुजींनी बाळपणी देवविलेला बाप्तिस्मा त्याने फुकट ठरवला त्या दिवसापासून बाप-लेक एकमेकांशी कामापुरतं बोलत. आज मात्र ग्रेसीबाईंना गप्प करायला दोघं एका बाकावर येऊन बसले. विनिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाला जोडायचं तर यांना आठ वर्षं जमलं नाही, पण तोडायचं म्हटल्यावर एका मिनिटात एकी झाली.

"जे पुस्तक बायबलमध्येच नाही, त्याच्यावर पवित्र आत्म्याचा अभिषेक नाही," कमलेश म्हणाला. "सिंपल आहे. ग्रेसी आंटी, वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट वाटतंय," ग्रेसीबाई शांतपणे म्हणाल्या आणि आपलं बायबल पर्समध्ये घातलं.

"दादा, त्यांची नात गेलीय," विनिता म्हणाली. "त्यांनी एक अध्याय मागितला. आभाळ कोसळलं असतं का?"

"नियम नियम आहे, विनिता," गुरुजी म्हणाले. "आपण ईयोब वाचू. ईयोबावर कोणाचा वाद नाही. तिघांच्याही शास्त्रात आहे."

वाद नाही. विनिताला पुढे कितीतरी दिवस हे वाक्य आठवलं की हसायला यायचं आणि लगेच चीड यायची.

गुरुजींनी ईयोबाचा पहिला अध्याय वाचला. त्यांचा आवाज अजून खणखणीत होता. ईयोबाची गुरं गेली, चाकर गेले, मग थोरल्या भावाच्या घरी जेवायला जमलेली दहाही मुलं छपराखाली सापडून गेली, आणि ईयोब जमिनीवर पालथा पडून म्हणाला की देणाराही तोच आणि नेणाराही तोच, त्याच्या नावाचा धन्यवाद असो. गुरुजी इथे थांबले. ते नेहमी इथेच थांबत. पुढचे चाळीस अध्याय ईयोब काय बोलतो हे त्यांनी कधी प्रार्थनेत वाचल्याचं विनिताला आठवत नव्हतं.

"बाबा, मी दोन शब्द बोलू?" कमलेशने विचारलं, आणि होकाराची वाट न बघता खुर्ची पुढे ओढली. "आपण सगळे ईयोबाची स्टोरी वाचतो, पण दार कुठून उघडलं ते बघत नाही. तिसरा अध्याय. ईयोब स्वतः म्हणतो, मला ज्याची भीती वाटत होती तेच माझ्यावर आलं. बघा हां, स्वतःच्या तोंडाने सांगतोय. भीती म्हणजे काय? उलटा विश्वास. विश्वासाने देव काम करतो तसं भीतीने सैतान करतो. आणि नीतिसूत्रांत शलमोन राजा काय म्हणतो? जिभेच्या हातात जीवन आणि मरण आहे. आपण तोंडाने निगेटिव्ह बोललो की आपणच सैतानाला चान्स देतो."

"मामा," क्षिप्रा म्हणाली.

इतक्या दिवसांत ती आपणहून पहिल्यांदा बोलली होती. शौनकचा हात ग्लासावरच राहिला.

"मी तुला फोन केलेला. चौथा महिना होता. मी म्हटलेलं की मला सारखी भीती वाटते, बाळाला काहीतरी होईल असं वाटतं. तू त्याच्याबद्दल बोलतोयस ना?"

"बेटा, मी कोणाचं नाव घेतलं नाही."

"पण माझ्याबद्दलच ना?"

कमलेशने मान खाली घातली. पण नाही म्हणाला नाही. एक अक्षर, नुसतं 'नाही', एवढं त्याला बोलता आलं असतं. विनिताने वाट बघितली. ते आलं नाही, आणि तिच्या डोळ्यांदेखत क्षिप्राचा चेहरा असा झाला, जणू जे ती मनात धरून बसली होती त्याच्यावर आज शिक्का बसला. म्हणजे तो अबोला हा होता तर. पोरगी इतके दिवस बोलत नव्हती, कारण बोलण्यानेच मूल मेलं असं तिला वाटत होतं.

"डॉक्टरांनी सांगितलंय नाळेला गाठ बसली होती म्हणून," शौनक म्हणाला. "मी रिपोर्ट वाचलाय. ती काय बोलली, काय नाही, याचा संबंध येतोच कुठे?"

"गाठ बसली हे दिसणारं कारण झालं," कमलेश मऊ आवाजात म्हणाला. हा मऊ आवाज त्याने आठ वर्षांत कमावला होता. "मी दोष देत नाहीये रे. मी तर आशा द्यायला आलोय. क्षिप्रा, हे बघ, तुझ्यासाठी प्रार्थना करून आणलंय." त्याने खिशातून एक चकचकीत कार्ड काढलं. त्याच्या फेलोशिपमध्ये दर एकतीस डिसेंबरला अशी कार्डं टोपलीत ठेवत, ज्याच्या हाती जे येईल ते त्याचं वर्षाचं वचन. गुलाबांच्या चित्रावर छापलेलं होतं की तुझा आरंभ अल्प असला तरी तुझा शेवट फार मोठा होईल. "ईयोब आठ, सात. देवाचं प्रॉमिस आहे. पुढच्या वर्षी याच वेळी तुझ्या मांडीवर मुलगा असेल. क्लेम कर, माझं आहे म्हण. आमेन म्हण."

क्षिप्राने कार्ड घेतलं नाही. विनिताने घेतलं.

तिने कल्याणच्या देवळात बारा-पंधरा वर्षं संडेस्कूल शिकवलं होतं. मुलांना ती एकच गोष्ट सतत घोकून घ्यायला लावायची. वाक्य वाचलं की आधी विचारायचं, हे कोण बोलतंय आणि कोणाला.

"दादा, हे कोण बोललं?"

"म्हणजे काय? वचन आहे. देव बोलला."

"बिल्दद बोलला. ईयोबाचा मित्र." विनिताने बापाच्या मांडीवरचं शास्त्र सरळ उचलून घेतलं. या घरात असं कोणी कधी केलं नव्हतं. "आणि तुझ्या गुलाबांच्या दोन-तीन ओळी वर तो काय म्हणतो ते कार्डावर छापलं नाही तुम्ही. मी सांगते. तो ज्याची दहा मुलं गेली त्या बापाच्या तोंडावर सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून देवाने त्यांना त्याची फळं दिली. हे सांगून झाल्यावर मग म्हणतो, तू नीट वागलास तर तुझा शेवट मोठा होईल. आणि पुस्तकाच्या शेवटी देव या मित्रांना काय म्हणतो? माझा राग तुमच्यावर भडकलाय, म्हणतो. तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला. जो आरडाओरडा करत होता, देवाशी भांडत होता, तो नीट बोलला. तुम्ही ज्याच्या बोलण्यावर देव चिडला त्याची वाक्यं टोपलीत घालून लोकांना वाटताय, दादा. आणि त्यातलं एक माझ्या पोरीला आणलंस."

कमलेशचे कान लाल झाले. "वचन वचन असतं. कुठूनही घे. पवित्र आत्मा—"

"पवित्र आत्म्याला मध्ये घेऊ नकोस. वाच हे. मोठ्याने वाच."

त्याने न वाचताच शास्त्र गुरुजींच्या मांडीवर परत ठेवलं.

"विनिता बरोबर बोलते आहे," गुरुजी म्हणाले.

आता बाकावरची माणसं बदलली. ग्रेसीबाईंनीही मान हलवली. "आमचे फादर सांगायचे, ईयोब म्हणजे ख्रिस्ताची सावली आहे. काही अपराध नसताना ज्याने सोसलं तो. त्याची चूक शोधायला जायचंच नसतं."

"अगदी बरोबर, ग्रेसीबाई," गुरुजी म्हणाले, आणि मघाशी पुस्तकावरून ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं त्यांच्याकडे बघून कृपाळू हसले. "चूक शोधायची नाही. कारणही शोधायचं नाही. नमायचं. हीच ईयोबाची शिकवण. क्षिप्रा, बाळ, तुझ्या आजीला आणि मला हे चुकलं नाही. कमलेशच्या आधीचा आमचा शमुवेल आठ महिन्यांचा होऊन गेला. कल्याणच्या भाड्याच्या खोलीत, जुलाबाने. मी त्या रात्री हाच अध्याय वाचला. तुझ्या आजीने हूं की चूं केलं नाही. लोक म्हणाले, विश्वास असावा तर असा."

स्वयंपाकघराच्या दारात आजी उभी होती. कलावतीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या आणि मघापासून कोणीच तो हातातून घेतला नव्हता. विनिताने उठून ट्रे घेतला, पण त्या दारातून हलल्या नाहीत.

"आजोबा," क्षिप्रा म्हणाली, "ज्याचं दुःख त्याचं वाचन ना?"

"हो, बाळा. सांग."

"दुसरा अध्याय. ईयोबाच्या बायकोचं जे आहे ते."

गुरुजींनी घसा खाकरला. "ते एकच वाक्य आहे. ती म्हणते, देवाला शिव्या दे आणि मर. ईयोब तिला मूर्ख बाईसारखं बोलू नकोस म्हणतो. सांत्वनाला वाचण्यासारखं नाही ते. जुन्या शास्त्र्यांनी तर तिला सैतानाची मदतनीस म्हटलंय."

"कुठल्या शास्त्र्यांनी?"

"आमच्यातल्याही," ग्रेसीबाई खाली बघत म्हणाल्या. "सगळ्यांच्यातल्याच."

"मुलं तिची पण होती ना?" क्षिप्राचा आवाज चढला नव्हता, उलट तो फार सपाट होता. "दहा मुलं. मित्र आले ते ईयोबाला भेटायला आले. सात दिवस त्याच्याजवळ बसले. देव पण शेवटी त्याच्याशीच बोलला. ती कुठे होती? मग शेवटी त्याला पुन्हा दहा मुलं झाली म्हणतात. कोणाच्या पोटातून झाली? आई, तुझ्या ग्रंथातलं पण मला नको," ती सासूकडे वळून म्हणाली. "देवाला आवडली म्हणून नेली तर मला ती आवडत नव्हती का? मामा म्हणतो मी बोलले म्हणून गेली. आजोबा म्हणतात बोलू नकोस. तुम्ही सगळे शिकलेली माणसं आहात, मला कोणीतरी एवढंच सांगा, मी ते फोनवर बोलले नसते तर ती राहिली असती का?"

गुरुजींचं बोट पानावर होतं पण ते पान बघत नव्हते. ग्रेसीबाईंनी सुनेच्या पायावर हात ठेवला. विनिताला वाटलं आपण ओरडून नाही म्हणावं, हजार वेळा म्हणावं. पण आईने म्हटलेलं नाही लेकीला किती पुरतं हे तिला माहीत होतं. आया खोटं बोलतात हे मुलींना कळत असतं.

"आशीर्वाद घेऊ या," गुरुजी म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. आशीर्वाद झाला की उपासना संपते, मग चहा, मग कोण कुठली गाडी पकडणार त्याची चर्चा. पन्नास वर्षं या घरातलं प्रत्येक अवघड बोलणं असंच आशीर्वादाखाली झाकलं गेलं होतं.

"बसा," कलावतीबाई म्हणाल्या.

त्यांनी नवऱ्याला लोकांसमोर बसा म्हटलेलं विनिताने जन्मात ऐकलं नव्हतं. बहुतेक गुरुजींनीही नसावं, कारण ते बसले.

"हूं की चूं केलं नाही," कलावतीबाई म्हणाल्या. "मला करू दिलं का? तुम्ही वाचत होतात. लोक बसलेले. माझा पान्हा वाहत होता आणि तुम्ही धन्यवाद असो म्हणत होतात. मी तोंड उघडलं असतं तर मूर्ख बाई झाले असते. म्हणून नाही उघडलं. त्याला विश्वास म्हणत असतील तर म्हणोत बाई. मी भिऊन गप्प बसले होते."

"कला, इतक्या वर्षांनी—"

"तुम्हाला नंतर सांगते. मला याच्याशी बोलायचंय." त्या कमलेशपाशी गेल्या. पाठ वाकलेली होती, तो खुर्चीत बसलेला आणि त्या उभ्या, तरी दोघांचे डोळे जवळजवळ एका रेषेत आले. "शमू गेला आणि वर्षाच्या आत तू पोटात राहिलास. सगळे म्हणाले, बघ, देवाने परत दिला. मला परत बिरत काही मिळालं नव्हतं. शमू शमू होता आणि तू तू आहेस. पण ते जाऊ दे. तू पोटात होतास तेव्हा मी रोज भीत होते. रोज. सकाळी उठले की पोटाला हात लावायचे आणि म्हणायचे हा पण मरणार. मनात नाही म्हणायचे, तोंडाने म्हणायचे. शेजारणीला सांगायचे, नळावर सांगायचे, तुझ्या मावशीला सांगायचे. हा मरणार, हा पण जाणार. नऊ महिने मी दुसरं काही बोलले नाही."

कमलेशने वर बघितलं.

"भीतीने मूल मरत असतं तर तू आज या खुर्चीत बसला नसतास. मग सांग तिला, तू कसा जगलास?"

कमलेशजवळ प्रत्येक गोष्टीला वचन असायचं, चपला हरवल्या तरी असायचं. आज नव्हतं. विनिताला त्याची दया यायला हवी होती, ती आली नाही. तिला एवढंच वाटलं की आईने हे आधी का नाही सांगितलं, आणि मग लाज वाटली, कारण आईला कोणी विचारलंच कधी होतं?

"मला माहीत नाही, आई," शेवटी कमलेश म्हणाला.

"मला सांगू नकोस. तिला सांग."

तो क्षिप्राकडे वळला. मऊ आवाज कुठे गेला होता कोण जाणे, घोगरा, मानपाड्याच्या गाळ्यांत कामाला होता तेव्हाचा आवाज आला. "मला माहीत नाही, बेटा. मी उगाच बोललो. तुझ्या बोलण्याने नाही झालं ते."

क्षिप्राने मान हलवली नाही, पण तिने पहिल्यांदा श्वास घेतला, छातीभर, सगळ्यांना ऐकू येईल असा. कलावतीबाई भिंतीचा आधार घेत, एक हात विनिताच्या खांद्यावर टाकत, नातीशेजारी जमिनीवर बसल्या. खाली बसणं डॉक्टरांनी त्यांना बंद केलं होतं.

"कशी होती गं ती?" त्यांनी विचारलं.

इतके लोक येऊन गेले. देवळातली मंडळी आली, फेलोशिप आली, वसईची माणसं आली, सगळ्यांनी ती कुठे गेली ते सांगितलं. कशी होती हे कोणीच विचारलं नव्हतं. विनितानेही नाही.

"केस होते," क्षिप्रा म्हणाली. मग तिचा आवाज फुटला आणि ती रडत रडतच बोलत राहिली. "खूप केस होते, आजी. काळेभोर. कानावर सुद्धा होते. आणि हाताची मूठ अशी, अशी आवळलेली होती. नाक शौनकसारखं, थोडं वर. ओठ माझे होते. नर्स म्हणाली झाकते, मी म्हटलं नको, थांब, मला बघू दे."

ती बोलत होती. गुरुजींनी काहीतरी म्हणायला हात वर केला.

"ऐका," कलावतीबाई म्हणाल्या. गुरुजींनी हात खाली घेतला.